डाबरेसरांचं चौथं पान

"बाहेर उणे पस्तीस आहे," हे डाबरेसरांशी बोललेलं माझं पहिलं वाक्य. इंग्रजीत बोलले, कारण मी इंटरव्ह्यूला गेले होते, आणि इंटरव्ह्यूला हवेबद्दल काहीतरी बोलावं असं इथे सगळे सांगतात. त्यावर कोणीही भला माणूस 'हो ना, फारच थंडी' असं म्हणाला असता. हे गृहस्थ म्हणाले, "हू सेज?"

मी म्हटलं, रेडिओ.

त्यांनी एक टोपी घातली, तिच्यावर दुसरी टोपी घातली, आणि मला तशीच कोटात उभी ठेवून मागच्या दाराने बाहेर गेले. परत आले तेव्हा मिशीवर बर्फ जमलं होतं. "उणे एकतीस," ते म्हणाले. "रेडिओवाले विमानतळावरचं सांगतात. आपण विमानतळावर राहत नाही." मग माझा रेझ्युमे उचलून डोळ्यांजवळ नेला आणि एकदम मराठीत म्हणाले, "नागपूरच्या का तुम्ही? मी वसईचा. बसा."

मी कोटासकट बसले. विनिपेगपासून पाऊण तास गाडी हाणत, दोन्ही बाजूंना नुसती पांढरी शेतं बघत इथवर आले, आणि या विलोफोर्ड नावाच्या टीचभर गावात, 'सेंटिनल' नावाच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात, संपादकाच्या खुर्चीत कोण, तर वसईचे आग्नेल डाबरे! मला हसू यावं की रडू, तेच कळेना. त्यात इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी मला विचारलेला एकमेव प्रश्न होता, "गाडीला विंटर टायर्स लावलेत ना?" लावलेत म्हटल्यावर म्हणाले, "मग सोमवारपासून या."

माझी त्या वेळची अवस्था सांगते. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी म्हणून आम्ही कॅनडात, विनिपेग शहरात आलो. मी नागपुरात कमर्शियल आर्ट शिकलेली, दहा वर्षं जाहिरातींची कामं केलेली. पण इथे जिथे जिथे अप्लाय केलं, तिथे तिथे 'कॅनडातला अनुभव आहे का' म्हणून विचारायचे. अरे बाप्पा, कोणी कामच देत नाही तर अनुभव काय बेसमेंटमध्ये उगवतो का? अशा वेळी आठवड्याचे दोन दिवस पानं लावायचं, म्हणजे अंकात बातम्या-जाहिराती मांडायचं काम मिळालं. ते मिळालं नसतं तर मी सामान बांधून परत गेले असते, हे नवऱ्यालाही माहीत होतं.

सर विलोफोर्डला आले ते बायकोच्या मागोमाग. फिलोमिनाबाई नर्स होत्या, त्यांना तिथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. सर वसईच्या बाजूला एका कॉलेजात इतिहास शिकवायचे, त्यातही अमेरिकेचा इतिहास, आणि त्यातही तिथली सुरुवातीची वर्तमानपत्रं हा त्यांचा खास विषय. असा विषय घेऊन माणूस मॅनिटोबातल्या खेड्यात आला की लोक त्याला हॉकीचे स्कोर लिहायला बसवतात. सर दोन हिवाळे हॉकीचे स्कोर लिहीत होते. मग जुना संपादक रिटायर झाला, दुसरं कोणी त्या पगारात यायला तयार नव्हतं, आणि खुर्ची सरांकडे आली. पुढे फिलोमिनाबाई गेल्या. मुलगी रीटा शिकायला मॉन्ट्रियलला गेली ती तिकडचीच झाली, ब्रॉसार्डला घर केलं. सर मात्र विलोफोर्डलाच राहिले. गावात त्यांना सगळे 'मिस्टर डी' म्हणत.

दिसायला म्हणाल तर ठेंगणे, टक्कल, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल अशी. अंगात बारा महिने बायकोने विणलेलं बिनबाह्यांचं स्वेटर. मराठी अगदी स्वच्छ, चर्चमध्ये वाचतात तसलं, फक्त खूश असले की मधूनच वसईचा हेल यायचा. टोरांटोकडचे वसईवाले नातेवाईक त्यांना सुके बोंबील पाठवायचे. एकदा त्यांनी ते ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केले. ट्रॅक्टरची जाहिरात द्यायला आलेला माणूस दारातून आत आला, तिथेच थांबला, आणि जाहिरातीचा मजकूर फोनवर सांगतो म्हणून निघून गेला. "काय नाजूक माणसं असतात," सर म्हणाले आणि बोंबील माझ्यापुढे सरकवला. मी नागपूरची असूनही खाल्ला. बरा होता.

'कोण म्हणतं?' हा प्रश्न त्यांच्या तोंडात कायम असायचा. त्यांना काहीही सांगा, आधी तोच प्रश्न यायचा. नदीचं पाणी चढतंय? कोण म्हणतं? शाळेची बस बंद होणार? कोण म्हणतं? मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, तुमचं नाव आग्नेल डाबरे आहे ना?" तर म्हणाले, "आई म्हणायची. तिच्यावर विश्वास ठेवलाय." आणि दुसरं म्हणजे, 'विशेषण काप.' दुःखद निधन नाही, निधन. भव्य उद्घाटन नाही, उद्घाटन. मी जाहिरातीतून आलेली बाई. माझं सगळं आयुष्य भव्य, खास आणि अपूर्व यांच्यावर चाललेलं. पहिल्या महिन्यात माझी अशी काही कापाकापी झाली की घरी भाजीला चवदार म्हणायचीसुद्धा मला चोरी झाली.

मृत्यूची बातमी ते फोनवर कधीच घ्यायचे नाहीत. स्वतः घरी जायचे. एका मंगळवारी, म्हणजे अंक छपाईला पाठवायच्या दिवशी, कोणीतरी फोन केला की वॉल्टर गेला. वॉल्टर म्हणजे गावातला जुना शेतकरी, सगळ्यांच्या ओळखीचा. मी त्याचा जुना फोटो शोधून निधनाची चौकट तयार केली. सर म्हणाले, थांब. बाहेर बर्फ पडत होतं. मी म्हटलं, "सर, अहो त्याच्या शेजाऱ्यानेच सांगितलंय." ते गाडी घेऊन गेले. तासाभराने आले, हातात पाईचा तुकडा. "वॉल्टर फावड्याने ड्राइव्हवेवरचं बर्फ काढत होता," म्हणाले. "मी थोडी मदत केली. त्याने पाई दिली. गेलेला वॉल्टर पलीकडच्या गावचा." मी निमूटपणे चौकट काढली आणि तिथे कुत्र्याच्या पिल्लांची जाहिरात लावली.

या स्वभावाचा ताप सगळ्यांत जास्त झाला तो मार्जला. मार्ज म्हणजे मेन स्ट्रीटवरच्या किराणा आणि हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण. गावातली प्रत्येक बातमी आधी तिच्या काउंटरवर येते आणि मग जगात जाते. तिने एकदा आपल्याच भाचीचा साखरपुडा ठरल्याची बातमी आणली. सर म्हणाले, कोण म्हणतं? मार्ज म्हणाली, मी म्हणते, मी तिची मावशी आहे. सर म्हणाले, मुलीला फोन करतो. मार्जचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. महिनाभर तिने आम्हाला दुकानात गुड मॉर्निंग म्हटलं नाही, नुसतं सामान पिशवीत आदळायची. सर शांतपणे टुनाच्या कॅनचे पैसे देत आणि तिलाच विचारत, "काही बातमी?"

जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांबद्दल ते शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. तेव्हाचा संपादक म्हणजे छापखान्याचा मालकही तोच, पुष्कळदा गावचा पोस्टमास्तरही तोच. एका गावचा पेपर दुसऱ्या गावच्या संपादकाला टपालाने जायचा, त्यातलं कात्रीने कापून हा आपल्या पेपरात लावायचा, आणि त्याला कोणी चोरी म्हणत नसे. लंडनची बातमी यायला दोन दोन महिने लागायचे, तरी लोक ती ताजी म्हणून वाचायचे. एकदा मी विचारलं, "सर, आपण कॅनडात राहतो. अमेरिकेचं कौतुक कशाला?" तर म्हणाले, "कॅनडातलं पहिलं वर्तमानपत्रसुद्धा बॉस्टनहून आलेल्या छापखानेवाल्यांनीच काढलं. बाहेरून आलेली माणसंच काढतात पेपर, बाई. मी काही पहिला नाही."

पण त्यांचं खरं प्रेम होतं ते एकाच पेपरावर. बॉस्टनला निघालेलं अमेरिकेतलं अगदी पहिलं वर्तमानपत्र, तीनशे वर्षांहून जुनं. त्याची तीन पानं छापलेली होती आणि चौथं पान कोरं होतं. मुद्दाम कोरं. ज्याने विकत घेतलं त्याने वाचावं, चौथ्या पानावर आपल्याकडची बातमी हाताने लिहावी आणि पुढे दुसऱ्याला द्यावं. "बघ केवढी हिंमत," सर म्हणायचे. "संपादक म्हणतो, मला सगळं माहीत नाही. राहिलेलं तुम्ही लिहा." त्या पेपराचा पहिला अंक निघाला आणि सरकारने तो बंद पाडला. परवानगी काढली नव्हती आणि काही मजकूर झोंबला. पहिला अंक तोच शेवटचा.

याच्यापुढे आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगताना सर दरवेळी चष्मा काढायचे. त्या संपादकाने छापलं होतं की या अंकात काही चूक आढळली तर पुढच्या अंकात दुरुस्त करू. "आणि पुढचा अंक आलाच नाही," सर म्हणायचे. "बिचाऱ्याच्या चुका अजून तशाच आहेत."

म्हणून सेंटिनलमध्ये दुरुस्ती नेहमी पहिल्या पानावर, वरती, चौकटीत यायची. बाकीचे पेपर ती मागे कुठेतरी, वधारलेल्या गव्हाच्या भावाखाली दडवतात. आमच्याकडे आधी चूक, मग जग.

आणि चूक झाली तर कशी व्हावी! दर अंकात 'पन्नास वर्षांपूर्वी' असं एक सदर असायचं, जुन्या अंकातल्या बातम्यांचं. आमच्या भागात शरद ऋतूत प्रत्येक गावचं चर्च एक मोठं गावजेवण घालतं. टर्की, उकडून घोटलेले बटाटे, पाई. लोक वीस वीस मैलांवरून येतात. त्याला फाउल सपर म्हणतात. तर त्या आठवड्यात जुन्या अंकातली फाउल सपरची बातमी घेतली होती. विलोफोर्डच्या युनायटेड चर्चचा हॉल, शनिवार, पाच वाजता, सगळ्यांना आमंत्रण. ऐन वेळी विंटर टायर्सची मोठी जाहिरात आली. मी त्या दिवशी मुलाला ताप म्हणून लवकर निघाले होते, त्यामुळे सरांनी स्वतः पान हलवलं. जाहिरात बसली. 'पन्नास वर्षांपूर्वी' हे डोक्यावरचं शीर्षक तेवढं बसलं नाही.

शनिवारी पाचला चर्चपुढे गाड्यांची रांग! आमच्या गावचं जेवण तर कधीच बंद पडलं होतं आणि तो हॉल कुलूपबंद होता, वर्षातून दोन लग्नं झाली तर उघडायचा. सरांना कोणीतरी फोन केला तेव्हा त्यांनी सवयीने विचारलं, कोण म्हणतं? समोरचा म्हणाला, मिस्टर डी, तुमचा पेपर म्हणतो.

सर धावत गेले. मी शहरात होते, हे मला मार्जने सांगितलं. ते चर्चच्या पायरीवर दोन्ही टोप्या हातात घेऊन उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाकून सांगू लागले की माझी चूक झाली, हे जेवण होऊन पन्नास वर्षं झाली. लोक ऐकून घेत आणि गाडीतून उतरत. एक म्हातारी म्हणाली, "हो, मला आठवतंय, तेव्हा ग्रेव्ही पातळ झाली होती." शेवटी मार्ज दुकानात ठेवलेली हॉलची किल्ली घेऊन आणि कंबरेला एप्रन लावून आली. अबोला तेव्हा चालूच होता. ती म्हणाली, "मिस्टर डी, बाजूला व्हा. माणसं आलीच आहेत." घरोघरचे फ्रीजर रिकामे झाले. टर्की नव्हती, पण सॉसेज होते, पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, होत्या, कोणाकडे हरणाचं मटण होतं. सरांनी बेसमेंटमधले बोंबील आणले. ते मात्र सरांनीच खाल्ले.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती आली. 'गेल्या अंकात जाहीर झालेलं फाउल सपर पन्नास वर्षांपूर्वी झालं होतं. ते गेल्या शनिवारीही झालं. चुकीबद्दल संपादक दिलगीर आहे.' ती चौकट कापून मार्जने आपल्या काउंटरच्या काचेखाली ठेवली. अजून आहे.

नंतर मला शहरात पूर्ण वेळची नोकरी लागली, सेंटिनलच्याच अनुभवावर. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "पगार किती? बरं. जा मग." आणि जाताना हातात बरणीभर लोणचं दिलं, मिरचीचं, स्वतः घातलेलं.

मग व्हायचं तेच झालं. ज्या कंपनीकडे आमच्यासारखी बरीच लहान साप्ताहिकं होती, तिने एका सकाळी ईमेल पाठवून त्यातली पुष्कळशी बंद करून टाकली. सेंटिनलही त्यात होता. निरोपाचा अंकसुद्धा काढू दिला नाही. मी फोन केला. मला वाटलं, म्हातारा कोसळला असेल. रीटा तर केव्हाची मागे लागली होती की पप्पा, आता इकडे या. मी म्हटलं, "सर, जा आता रीटाकडे. पुष्कळ झालं."

"गेल्या अंकात नदीच्या बांधाच्या मीटिंगची तारीख चुकली आहे," ते म्हणाले. "ती दुरुस्त कोण करणार?"

दोन आठवड्यांनी माझ्या पत्त्यावर एक कागद आला. एकच मोठा कागद, मध्ये दुमडून चार पानं केलेली. सार्वजनिक लायब्ररीच्या फोटोकॉपी मशीनवर काढलेला. वरती 'सेंटिनल'. कंपनीने नाव परत दिलं होतं, त्यांना ते नकोच होतं. पहिल्या पानावर वरती चौकटीत बांधाच्या मीटिंगची दुरुस्ती. तीन पानं छापलेली. चौथं पान कोरं, आणि तळाशी बारीक अक्षरात: इथे तुमची बातमी लिहा, वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या, शेवटच्या माणसाने मार्जच्या दुकानातल्या पेटीत टाका.

मी कपाळावर हात मारला. प्रत्येकाच्या हातात फोन असताना हा माणूस तीनशे वर्षांपूर्वीचं बॉस्टन काढून बसला होता! तरीही त्या शनिवारी गेले. मग पुष्कळशा शनिवारी जात राहिले, पानं लावायला. नवरा म्हणायचा, फुकटची नोकरी बरी धरलीस. ऑफिस गेलं होतं, म्हणून मार्जने दुकानामागची खोली दिली होती, आणि सरांची ती जुनी करकरणारी खुर्ची तिथे नेली होती.

सुरुवातीला पेटीत कागद यायचे ते कोरेच. किंवा त्यावर ग्रोसरीची यादी, एखाद्या पोराने काढलेला हॉकी स्टिकवाला माणूस. सर एकेक कागद उलटून बघायचे आणि खाली ठेवायचे. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. फिलोमिनाबाई गेल्या तेव्हाचं मला माहीत नाही, पण हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकदा म्हणाले, "वैशाली, लोकांनी लिहिलं तर हा पेपर राहील. नाही लिहिलं, तर माझ्याबरोबर संपेल. तेवढंच बघायचंय मला." मला वाटत होतं की संपणारच आहे.

पहिली खरी बातमी आली ती तक्रार होती. कोणाचा तरी कुत्रा कोणाच्या तरी गाजरांत. सर इतके खूश झाले की हेल काढून बोलायला लागले. लगेच टोपी घालून गाजरं बघायला गेले. मग हळूहळू येऊ लागलं. नदीच्या वळणावर बर्फ फुटायला लागलंय. हॉकीच्या रिंकच्या छताला गळती आहे. माझी आई आज पहिल्यांदा वॉकर घेऊन चर्चला आली. एका कागदावर तिघांची अक्षरं, एकाने लिहिलेलं, दुसऱ्याने त्याखाली 'हे खरं नाही' लिहिलेलं, तिसऱ्याने 'खरं आहे, मी पाहिलं'. तो कागद सरांनी मला कितीदा दाखवला! मार्ज पेटी उघडायची, कागद लावून ठेवायची, आणि सरांचे गुडघे दुखायला लागल्यावर खातरजमा करायलाही तीच जाऊ लागली. कुरकुरत जायची. "मी त्याला शाळेपासून ओळखते आणि आता त्याच्याच दारात जाऊन विचारू, तुझी गाय खरंच व्याली का?" सर म्हणायचे, विचार.

गेल्या हिवाळ्यात सरांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. रीटा विमानाने आली आणि त्यांना ब्रॉसार्डला घेऊन गेली. या खेपेला त्यांना विचारलंसुद्धा नाही, आणि बरोबरच केलं तिने.

अंक मात्र थांबला नाही. मार्ज काढत होती. आणि विलोफोर्डमध्ये जो तो म्हणायचा, मिस्टर डी वसंतात परत येतील. मागच्या खोलीतल्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. मार्ज शेजारी स्टूल घेऊन काम करायची. आणि पहिल्या पानावर 'संपादक: ए. डाबरे' तसंच छापून येत होतं. मलाही ते बरं वाटायचं, खोटं का बोलू. दर आठवड्याला अंक हातात आला की आधी तिथेच नजर जायची.

मे महिन्यात ऑफिसच्या कामाने मॉन्ट्रियलला गेले, तशी एका दुपारी ब्रॉसार्डला रीटाच्या कॉन्डोवर गेले. दार नातवाने उघडलं. मी मराठीत विचारलं, आजोबा काय करतात? तो म्हणाला, "ही इज रीडिंग द पेपर, अगेन." रीटा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अलोर," तिने तिकडच्या फ्रेंचमध्ये सुरुवात केली, "बघ पप्पा, कोण आलंय! आता बरे आहेत गं. थेरपी चालू आहे. समर संपेपर्यंत चालायला लागतील, आणि मग एकदा विलोफोर्डला नेऊन आणू, हो ना पप्पा?"

सर खिडकीजवळ बसले होते. स्वेटर तेच. मिशी कोणीतरी कापून बारीक केली होती, ते मला मुळीच आवडलं नाही. शब्द सावकाश येत होते, पण स्पष्ट होते. मी म्हटलं, "सर, सगळे म्हणतात तुम्ही लवकरच परत येणार."

"कोण म्हणतं?" ते म्हणाले.

रीटा गॅसकडे वळली.

त्यांच्या मांडीवर सेंटिनलचा अंक होता. डाव्या हाताचं बोट त्यांनी आपल्या नावावर ठेवलं. "किती अंक छापतेय ही असं. चुकीचं आहे." मग अंक उलटा केला, कोरं पान वर आलं. "लिही."

मी पेन काढलं. सर इंग्रजीत सांगत होते. मराठीत असं: 'दुरुस्ती. गेल्या काही अंकांत संपादक म्हणून ए. डाबरे यांचं नाव छापलं गेलं. ते बरोबर नाही. डाबरे ब्रॉसार्डला मुलीकडे राहतात. ते परत येणार नाहीत. अंक मार्ज काढते. बातम्या तिच्याकडे द्याव्यात. ऑफिसातली खुर्ची वापरावी.'

माझ्या हातून 'आपले लाडके संपादक ए. डाबरे' असं लिहिलं गेलं होतं. त्यांनी वाचायला मागितलं आणि वाचून म्हणाले, "लाडके काप."

"सर, एक तर राहू द्या ना. इतक्या वर्षांत एक."

"किती जणांना विचारलंस?"

मी कापलं. 'आपले' पण कापलं. अक्षर दिसेनासं झालं होतं, तरी कापलं. त्या क्षणी मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच्यावर जेवढा जीव आहे तेवढा माझ्या सख्ख्या काकांवरही नाही हे कळलं.

"मंगळवार आहे आज," सर म्हणाले. "आत्ता पाठव."

मी फोनने त्या पानाचा फोटो काढला आणि मार्जला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. दुकानाच्या दाराची घंटा मागे वाजत होती.

"वाचलं मी," मार्ज म्हणाली. "हू सेज?"

मला भयंकर संताप आला. "मार्ज, मी इथे त्यांच्यासमोर बसलेय. माझ्या हाताने लिहिलंय."

"तेच तर. अक्षर तुझं आहे. मला त्यांच्याकडून ऐकायचंय. नाहीतर मी छापणार नाही."

मी सरांकडे बघितलं. ते खुर्चीत ताठ झाले होते. डावा हात पुढे करून त्यांनी माझ्याकडून फोन घेतला आणि तोंडाशी नेला.

"आय से सो, मार्ज."

पलीकडे मार्जने कोणा गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग ती म्हणाली, "आर यू शुअर, मिस्टर डी?"

"शुअर."

"ओके." तिने नाक शिंकरलं. "मग छापते. पहिल्या पानावर, वरती."

सरांनी फोन मला परत दिला. चेहरा असा फुलला होता की पेटीत गाजरांची तक्रार आली त्या दिवसाची आठवण झाली. "जमलं मार्जला," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून वसईच्या हेलात हाक मारली, "रीटा, चहा टाक गे. दोघांना. हिला साखर जास्त."

मी उठून वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. बाहेर आले तर चहा तयार होता, आणि सर चौथ्या पानाच्या उरलेल्या जागेत डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत काहीतरी लिहीत होते. डोकावले तर ब्रॉसार्डची बातमी होती. बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, असं रीटा म्हणते. खालच्या मजल्यावर जाऊन कोणीतरी बघून यावं म्हणून ते नातवाला हाका मारत होते.